टॉपचं बटन

ऐक भो, फक्त ऐक. मध्ये बोलू नको, चहा यायचा तेव्हा येईल, आणि 'मग पुढे काय झालं' असं तर बिलकुल करू नको, कारण पुढे असं मोठं काही होतच नाही यात. सुरुवात थर्मामीटरपासून आहे. हसू नको ना यार. आषाढात तुझ्या वहिनीला, दिपमालाला ताप आला होता, आमच्या पिंप्राळ्यात तेव्हा घरोघरी तापच होता, तर मी तिच्या काखेत तो सेलवाला थर्मामीटर लावला आणि बाजूला बसलो, म्हटलं वाजेल तेव्हा काढू. वाजेना. मी मोबाईल बघत बसलो, पंख्याकडे बघत बसलो, वाजेना. दहा मिनिटं झाली असतील. ती डोळे मिटून पडलेली, शेवटी तशीच म्हणते, "काढा ना आता, कधीचा वाजून गेला." म्हटलं वाजला कुठे? "दोनदा वाजला," म्हणते. मला वाटलं तापात बडबडते. काढून बघितला तर एकशे दोन. मग मी तो पुसून माझ्या स्वतःच्या काखेत लावला, आकडा चढत चढत गेला, थांबला, लुकलुकला, आणि गप्प. म्हटलं सेल गेला. तसाच चप्पल घालून कोपऱ्यावरच्या मेडिकलवर. त्या मेडिकलवाल्याने काय करावं? त्याने शर्टाचं बटन सोडून सगळ्यांदेखत तो आपल्या काखेत घातला आणि गिऱ्हाईकांना गोळ्या देत राहिला. मग एकदम माझ्याकडे बघून म्हणतो, "वाजला ना, साहेब. सेल ठणठणीत आहे." मी त्याच्या तोंडाकडे बघतोय. त्याने परत लावला, परत काढून माझ्या कानाजवळ धरला. मागे एक म्हातारे उभे होते, सत्तरीचे, दाढी वाढलेली, खोकल्याचं औषध घ्यायला आलेले, ते म्हणतात, "वाजी राहिला ना भाऊ चांगला." आणि मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, "हाव हाव, वाजला." पैसे पण देत होतो त्याला, कशाचे ते माहीत नाही. त्याने घेतले नाहीत.

घरी येताना मी रस्त्याने नुसता ऐकत आलो. म्हणजे असं की, आजवर कधी ऐकायचं म्हणून ऐकलंच नव्हतं, कान उघडेच असतात म्हणून आवाज येतो असं आपलं चालू होतं. रिक्षा येत होत्या, ट्रॅक्टर येत होता, हॉर्न येत होते, सगळं येत होतं, जाडजूड सगळं येत होतं. पण मग आठवायला लागलं की चिमणी शेवटची कधी ऐकली? गाडीचा इंडिकेटर टिकटिक करायचा, तो कधीपासून नुसताच लुकलुकतो? घरी पाण्याच्या टाकीला ते मशीन लावलंय, टाकी भरली की ओरडतं म्हणतात, दिपमालाच नेहमी पळत जाऊन मोटार बंद करते आणि मला म्हणते तुम्हाला कसलीच काळजी नाही घराची. मला वाटायचं खरंच नाही मला काळजी. भो, मी दोन वर्षं स्वतःला बेफिकीर समजत होतो. आणि हे सगळं मोजत मोजत घराच्या फाटकापाशी आलो तेव्हा एकदम ती कॅसेट आठवली आणि मी फाटक न उघडताच उभा राहिलो. चिमणी गेली तर गेली, खरं सांगतो, चिमणीचं मला काही वाटलं नाही. पण कॅसेट.

कॅसेटचं तुला माहीतच आहे, पण तुला अर्धंच माहीत आहे. माझी फुई, वडिलांची मोठी बहीण, नानीबाई, शिंदखेड्याच्या पुढे तिचं गाव. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिच्याकडे कानबाई देवी बसायची, आम्ही सगळे भाऊबंद तिथे जमायचो, प्रसादाच्या रोटाचे गहू दळायचे, पुरणपोळ्या, आणि सोमवारी सकाळी कानबाईचा नारळ चौरंगावर मांडून, तो डोक्यावर घेऊन नदीवर बोळवायला जायचं, सगळ्या बाया गात गात. पुढे फुई. तिचा आवाज गावात एक नंबर, असं सगळे म्हणायचे, आणि मला लहानपणी तो आवाज अजिबात सहन व्हायचा नाही. खरं सांगतोय. मला वाटायचं दहा म्हाताऱ्या एकदम रडताहेत. एकच ओळ चारदा म्हणायच्या, मग दुसरी चारदा, मधे कोणी श्वास घ्यायला थांबली तर दुसरी तिथून उचलायची, संपायचंच नाही. मला लाज वाटायची. तुला वाटत असेल लाज कसली, पण मी तिथे जळगावहून जायचो ना, शहरातला पोरगा, पायात बूट. मग एकोणीस वर्षांचा झालो, प्रेमराजच्या डीजेच्या गाडीवर ऑपरेटर म्हणून लागलो, आणि त्याच वर्षी मी काय केलं, तर कानबाईच्या सोमवारी गाडीच घेऊन गेलो. फुकट. मोठ्या मनाने. फुईच्या दारात उभी केली, आठ बेस जाड आवाजाला, चार टॉप बारीक आवाजाला. बाया निघाल्या, फुईने पहिली ओळ उचलली, आणि मी बटन दाबलं. तिचं तोंड उघडं होतं आणि आवाज माझा येत होता. दोन-तीन घरं पुढे जाईपर्यंत ती गातच होती, मला ओठ हलताना दिसत होते, मग ओठ थांबले. रागावली नाही ती. हात वर करून म्हणाली, "वाजाडा बाप्पा, वाजाडा," आणि बायांबरोबर दोन पावलं नाचली पण. पुढच्या वर्षी गावच्या पोरांनी स्वतःची गाडी ठरवली. तेव्हापासून आजतागायत बारा वर्षं तिथे कोणी गात नाही. मला त्याचं दहा वर्षं काहीच वाटलं नाही, हे पण सांगून ठेवतो. उलट मी सांगत फिरायचो की त्या गावात डीजे मी नेला.

मग दोन वर्षांपूर्वी, साधारण एकोणतिसावं सरताना, मला ते व्हायला लागलं. तुला सांगितलं होतं तेव्हा, गोलाणी मार्केटच्या पायऱ्यांवर बसून. नवीन गाणं लावलं की कंटाळा यायचा. आपलीच अहिराणी गाणी, ज्यांच्यावर मी पोरांना तीन-तीन तास नाचवलंय, ती सगळी एकसारखी वाटायला लागली, नुसतं धबधब धबधब, वरती काहीच नाही, जसं घराला जोतं आहे आणि छप्परच नाही. मला वाटलं वय झालं, चांगल्या अर्थाने. माणसाचं होतं ना असं, आमच्या वडिलांना चाळिशीत एकदम कारलं आवडायला लागलं होतं. त्याच दिवाळीच्या आधी फुईकडे गेलो तर तिच्या पत्र्याच्या डब्यात, बटनं, सुया, जुनी रेशनकार्डं यांच्यात ती कॅसेट. फुईचे यजमान, आमचे फुवा, एसटीत मेकॅनिक होते, त्यांना असल्या गोष्टींचा नाद, त्यांनी कुठल्याशा कानबाईला टेप ओट्यावर ठेवून फुईचं गाणं भरून ठेवलं होतं. मी म्हटलं चला, बघू तर. जळगावला आणून मोबाईलमध्ये घेतली, इअरफोन लावला, आणि भो, काय सांगू. मी त्या दिवशी जेवलो नाही. कानबाई नदीवरून येते, तिच्या पायाला वाळू लागलेली आहे, ती दारात थांबली आहे आणि आत कोणी पाणी आणायला उठत नाही, एवढंच त्या गाण्यात आहे, आणि ते चार-चारदा म्हणतात, आणि चौथ्यांदा जेव्हा म्हणतात ना तेव्हा ते पहिल्यासारखं नसतं. हे मला आधी कळलंच नव्हतं. फुईचा आवाज म्हणजे कसा, मातीचा माठ असतो ना, ओला, हात फिरवला तर खरखरीत पण थंड. इतका स्वच्छ. मी तो शब्द सगळ्यांना सांगितला, स्वच्छ, वीस-बावीस वर्षांपूर्वीची कॅसेट आणि काय स्वच्छ भरलंय बघा फुवांनी. तुलाही इअरफोन दिला होता, आठवतं? तू तोंड वाकडं करून काढून टाकला आणि म्हणाला, "भो, न्हाणीघरात शॉवर सुरू ठेवलाय का कोणी?" मी तुझ्याशी चार दिवस बोललो नाही. प्रेमराज म्हणाला डोकं दुखतं. दिपमाला म्हणाली छान आहे पण हळू लावा. मला वाटलं, यांना कळतच नाही. मी एकटाच पुढे निघून आलोय आणि हे सगळे मागे धबधब्यात राहिलेत. फार बरं वाटायचं भो तसं वाटायला. डीजेच्या गाडीवर उभा राहून, कानात बोळे नाही काही नाही, खाली पोरं नाचताहेत, आणि मी मनात म्हणायचो, नाचा, तुम्हाला अजून वय आहे.

एकटी फुई माझ्या बाजूची. गेल्या दिवाळीला तिच्या कानात इअरफोन घातला, ती चौऱ्याहत्तरची आहे, आधी घाबरली, मग हसली, मग तिचे डोळे कुठेतरी गेले. "कितला साफ शे रे!" म्हणाली. "जशी आते गाई राहिनू." जशी आत्ता गातेय म्हणे! बघ! म्हटलं बघ! मी तिथून तुला फोन लावणार होतो. मग ती म्हणाली, "हाई गाना कानबाईना दिन लावजो. बठ्ठ्या बायास्ले ऐकू दे." आणि मी शब्द दिला, कानबाईच्या दिवशी लावतो, सगळ्या बायांना ऐकवतो. माझ्यासाठी तो नुसता शब्द नव्हता. मीच तिथलं गाणं बंद केलं होतं ना, माझ्याच हाताने, तर माझ्याच हाताने परत सुरू करायचं. मी रात्रंदिवस तेच चित्र बघायचो, सोमवारची सकाळ, फुईचा ओटा, माझा बॉक्स, आणि सगळं गाव गप्प.

आता परत त्या फाटकापाशी ये. थर्मामीटर खिशात. मला समजलंच होतं की, पण समजून घ्यायचं नव्हतं. दिपमालाचा ताप उतरला, तिनेच मला धरून रिंग रोडच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. एका पेटीत बसवतात, लाकडी, आत जाड गालिचासारखं काहीतरी, कानावर हेडफोन, हातात बटन. आवाज आला की दाबायचं. मला सवय ना हेडफोनची, मी ऐटीत बसलो. आधी जाड आवाज येतात, दाबलं, दाबलं, दाबलं. मग बारीक व्हायला लागले, मग एकदम शांत. मी वाट बघतोय. समोरच्या काचेतून तपासणी करणारी मुलगी तिच्या मशीनचं बटन फिरवताना दिसते, हात हलतो तिचा, म्हणजे काहीतरी लावतेय ती मला, आणि इकडे काही नाही. मग मी लबाडी केली. तिचा हात हलला की मी दाबायला लागलो. तिच्या ते लक्षात आलं, तिने पाठ केली माझ्याकडे. पेटीत इतकं शांत होतं की मला पहिल्यांदा माझ्याच डोक्यातला आवाज ऐकू आला, सूंऽऽ असा, बारीक, रातकिड्यासारखा. मी म्हटलं हा घ्या, हा आला की, आणि दाबलं. तो त्यांचा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला, त्यावर एक रेघ, ती बिचारी सरळ चालत येते, येते, आणि मग विहिरीत पडल्यासारखी खाली. "काम काय करता?" मी सांगितलं. "किती वर्षं?" सांगितलं. त्या म्हणाल्या हे गेलेलं येणार नाही, राहिलेलं सांभाळा, गाडीवरचं काम सोडा, कानाला मशीन लावलं तर थोडा उपयोग होईल. सगळं शांतपणे. आणि मग लिहिता लिहिता, अगदी सहज, म्हणाल्या, "आताशा जुनी गाणी जास्त आवडायला लागली असतील ना? माणसाच्या आवाजाची? येतात माझ्याकडे बरेच जण असे, त्यांना वाटतं आवड बदलली." दिपमाला माझ्याकडे बघून हसली, प्रेमाने हसली, पण मला तिला तिथेच ओरडावंसं वाटलं.

तू लक्षात घे भो. म्हणजे मी शहाणा झालो नव्हतो. मी बहिरा झालो होतो. ज्याला मी दोन वर्षं माझी आवड म्हणून मिरवत होतो ती माझ्या कानाला पडलेली भोकं होती. नवीन गाण्यांना छप्पर होतं, चांगलं रंगवलेलं, मलाच ते दिसत नव्हतं. आणि फुवांनी कॅसेट स्वच्छ बिच्छ काही भरली नव्हती, तू म्हणाला तसा तिच्यावर शॉवर सुरू होता, तुला आला, प्रेमराजला आला, सगळ्या जळगावला आला, फक्त मला आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या फुईला आला नाही. घरी आल्या आल्या मी दिपमालाला इअरफोन दिला. म्हटलं खरं सांग, माझं मन राखू नको, काय काय ऐकू येतं ते एकेक सांग. ती खाटेवर मांडी घालून बसली. म्हणाली, "आधी नुसतं सूंऽऽ, तेलात कुरडया सोडल्यासारखं. मग त्याच्यामागून बाया. कोणीतरी खोकलं. आणि त्या बांगड्या, बांगड्या फार छान वाजवल्यात हो." म्हटलं कसल्या बांगड्या? "काय कसल्या? पहिल्यापासून आहेत ना. थाळीवर वाजवल्यासारख्या. छन छनछन, छन छनछन. मला तर गाण्यापेक्षा त्याच आवडल्या." मी इअरफोन हिसकावून घेतला, आवाज वाढवला, शेवटपर्यंत वाढवला. माठासारखा आवाज, ओला, थंड, एकटा. बांगडी एक नाही. दिपमाला माझ्या गुडघ्यावर बोटाने ठेका धरून दाखवत होती, हे बघा इथे, इथे, आता इथे, आणि मी तिच्या बोटाकडे बघत होतो. दोनशे वेळा ऐकलं असेल मी ते गाणं. मग मी नेमकं काय ऐकत होतो? आणि मला जे आवडलं ते फुईचं गाणं होतं का, की फुईच्या गाण्यातून एवढं सगळं गळून पडल्यावर जे उरलं होतं ते?

त्यानंतरचे पंधरा दिवस मी कसे काढले ते विचारू नको. जे आवडायचं त्याच्यावर संशय. शेवभाजी तिखट हवीशी वाटली तरी संशय, म्हटलं जीभ पण गेली का. वडिलांना फोन करून विचारलं, तुम्हाला कारलं खरंच आवडतं का? ते म्हणाले, "डोकं फिरलं का तुझं?" प्रेमराजकडे गेलो, त्याच्या कॉम्प्युटरवर कॅसेट धुवायला. त्याने दोन तास खटाटोप केला. म्हणाला, "भो, हे जमणार नाही. सूंऽऽ आणि बांगड्या एकाच खोलीत राहतात. एकाला हाकललं की दुसरी पण जाते." मी म्हटलं ठीक, मग जसं आहे तसंच लावणार. दिपमालाला पण सांगितलं, जसं आहे तसं, मला येवो न येवो, लोकांना तर बांगड्या येतील. ती म्हणाली, "बरं कराल." फार शहाण्यासारखं वाटलं मला तेव्हा. त्या वाटण्यावर मात्र मी संशय घेतला नाही.

कानबाईच्या सोमवारी सकाळी आम्ही फुईच्या गावी होतो. मी मोठी गाडी नेली नाही, दोन बॉक्स, एक मिक्सर, टेम्पोतून. गावच्या पोरांची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती, त्यांचा म्होरक्या बबलू म्हणून आहे, फुईच्या चुलत दिराचा नातू, तो म्हणाला, "दहा मिनिटं घ्या भाऊ, मग आमचं सुरू." मी मिक्सर ओट्यावर मांडत होतो आणि फुई खाटेवर बसलेली, नवं लुगडं, मांडीवर एक काशाची थाळी. म्हटलं थाळी कशाला फुई? तर तिने हात वर केले, मोकळे हात, आणि हसून म्हणाली, "मन्या बांगड्या ऐकू येतस ना त्यामझार?" तिच्या बांगड्या त्यात ऐकू येतात ना, असं विचारत होती, आणि मी वायर जोडत राहिलो. तिला वाटलं मी विसरलो. मग ती सांगायला लागली, की ती डझन-डझन काचेच्या बांगड्या भरायची, हिरव्या, आणि गाताना थाळीच्या काठावर वाजवायची, तसं गावात कोणालाच जमायचं नाही, एखादी फुटायची पण ठेका तुटायचा नाही. "तुना फुवा म्हने, तू गाऊ नको, बांगड्याच वाजाड. त्यासाठीच टेप आना व्हता त्यानी." म्हणजे फुवांनी तिचा आवाज भरायला टेप लावलाच नव्हता भो. त्यांनी बांगड्या भरल्या होत्या. आणि पुढच्या अक्षय्य तृतीयेच्या, आखाजीच्या आधीच ते गेले, आणि नदीवर बायांनी तिच्या त्याच बांगड्या दगडावर फोडल्या, ती त्याबद्दल काही बोलली नाही, नुसतं मनगटावरून हात फिरवला. पुढे ती गायची, मी एकोणीसचा होईपर्यंत गायची, पण थाळी नाही. दिवाळीला कानात इअरफोन घालून "कितला साफ शे" म्हणाली तेव्हा तिला बांगड्या ऐकू आल्या होत्या का रे? नसणारच आल्या. माझ्यासारखंच. पण तिला त्या आठवत होत्या, म्हणून तिला त्या येतच होत्या.

कानबाई बाहेर आली, चौरंग डोक्यावर, बाया थांबल्या, गल्लीत मावत नव्हत्या इतक्या. दिपमाला फुईच्या खाटेमागे उभी. मी बटन दाबलं. आणि मला काय ऐकू आलं? शांतता. गाणं सुरू व्हायच्या आधी दहा-बारा सेकंद नुसती रिकामी कॅसेट आहे, मला ती नेहमी शांतताच वाटायची. पण मला तोंडं दिसली. पुढच्या दोन पोरींनी कान झाकले. एक बाई डोळे बारीक करून बॉक्सकडे बघायला लागली, मिरच्यांच्या धुरात बघतात तशी. कडेवरचं पोर रडायला लागलं. कोणीतरी ओरडलं, "रेडू बिघडना का भो?" आणि बबलूची पोरं हसली, जोरात, आणि फुई हसणाऱ्यांकडे बघायला लागली, एकेकाच्या तोंडाकडे, की काय झालं, माझ्या गाण्यात हसण्यासारखं काय आहे, अजून तर सुरूच झालं नाही. भो, माझा हात आपोआप गेला. बारा वर्षांचा हात आहे तो. लोकांची तोंडं वाकडी झाली की टॉप कमी करायचा, हे त्याला माहीत आहे, मला विचारायची त्याला गरज नाही. वरचा बारीक आवाज तेवढा ज्याने जातो ते बटन, मी ते फिरवलं. पूर्ण. शून्यावर.

माझ्या कानांत काहीच बदललं नाही. एक कणही नाही. पण सगळ्यांची तोंडं एकदम मोकळी झाली. पोरींनी हात खाली घेतले. आणि मग फुईचा आवाज आला, माठातला, ओला, आणि गल्ली गप्प झाली. अगदी मी दिवाळीपासून बघत होतो तशी. कानबाई दारात थांबलीय, तिच्या पायाला वाळू आहे, आत कोणी पाणी आणायला उठत नाही. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. दोन म्हाताऱ्या बाया हळूच त्यात शिरल्या, मग चौघी, मग ज्या माझ्या वयाच्या होत्या त्या पण. बबलू मोबाईल वर धरून उभा होता. सगळं गाव माझ्या कानांनी ऐकत होतं भो. पहिल्यांदा मी एकटा नव्हतो. मला इतकं बरं वाटत होतं आणि त्याच वेळी इतका संताप येत होता की डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि लोकांना वाटलं भाऊ गाण्याने भरून आला. फुई थाळीच्या काठावर मनगट आपटत होती. मोकळं मनगट. छन नाही, काही नाही, हाड आणि कासं. तिचा ठेका बरोबर दिपमालाच्या बोटाचा ठेका होता, मी ओळखला, मला तो डोळ्यांनी पाठ झाला होता.

शेवटचं कडवं राहिलं होतं. फुईने मान मागे वळवली, दिपमालाचा पदर ओढला आणि विचारलं, मला ओठ दिसले, आणि आवाज पण आला, तिला वाटतं आपण हळू बोलतो पण ती ओरडते, "का वं, मन्या बांगड्या ऐकू येतस ना?" दिपमालाने माझ्याकडे बघितलं. मग मिक्सरकडे. तिला त्यातलं काही कळत नाही, पण माझा हात कुठे आहे ते तिला दिसत होतं. मी नुसतं बोट हलवलं असतं तरी झालं असतं. एक कडवं. सूंऽऽ आलं असतं, पोरी ओरडल्या असत्या, बबलू हसला असता, त्या गायला लागलेल्या बाया थांबल्या असत्या, कदाचित कायमच्या. आणि त्यातून त्या बांगड्या आल्या असत्या, सगळ्यांना, मला आणि फुईला सोडून. दिपमाला वाट बघत होती. मग ती खाली वाकली आणि फुईच्या कानाशी म्हणाली, "हाव फुई. येतात ना." मेडिकलमध्ये मी म्हटलं होतं ना, अगदी तसंच. फुई माझ्याकडे बघून हसली, थाळी अजून वाजवत. गाणं संपलं तेव्हा माझा हात त्या बटनावर तसाच होता, घामाने ओला. बबलूची गाडी सुरू झाली, बाया नदीकडे वळल्या. जळगाव येईपर्यंत टेम्पोत दिपमाला माझ्याशी एक शब्द बोलली नाही, किंवा बोलली असेल, हळू, आणि मला आलं नसेल. तू सांग आता. तुझे कान चांगले आहेत. तू असता तिथे, तर फिरवलं असतं का ते बटन?